ज्यू घरातलं बालपण आणि संस्कार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या बालवर्गाकडे हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. विचारणाऱ्यांत मुंबई-ठाण्याचे आईबाप असतात, अलिबाग-पेणकडच्या आज्या असतात, इस्राएलमध्ये नातवंडं असलेले आजोबा असतात. अधूनमधून एखाद्या शाळेतल्या बाईही लिहितात, कारण त्यांच्या वर्गात पहिल्यांदाच ज्यू मूल आलेलं असतं. उत्तरं जन्मापासून साधारण सात वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहेत आणि बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, घरं डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. बगदादी किंवा कोचीनकडच्या घरांत काही रीती वेगळ्या असतील. धर्मनियमाचा नेमका निर्णय हवा असेल तर रब्बींनाच (ज्यू धर्मगुरूंनाच) विचारा.

1. संस्कार कधीपासून सुरू करायचे? शाळेत जायला लागल्यावर?

त्याच्या बरंच आधी. तालमूद या जुन्या धर्मनियम-ग्रंथाच्या सुक्का भागात (42अ) सांगितलंय की मूल बोलायला लागलं की बापानं त्याला तोरा (मोशेचे पाच ग्रंथ) आणि शेमा (देव एकच, असं सांगणारी मुख्य प्रार्थना) शिकवावं. वाचून दडपून जाऊ नका. तिथे तोरा म्हणजे 'मोशेनं आम्हाला तोरा दिली' एवढंच वचन, आणि शेमा म्हणजे त्याची पहिली ओळ. सगळा अभ्यासक्रम दोन ओळींचा! त्याच ठिकाणी पुढे म्हटलंय की लुलाव (सुक्कोथ या मांडवाच्या सणाला हलवायची खजुराची झावळी) हलवता यायला लागला की मुलाच्या हाती लुलाव द्यावा, आणि अंगावर पांघरता यायला लागलं की त्झित्झित (कोपऱ्यांना गोंडे असलेलं वस्त्र). वयाचा आकडा कुठेच नाही. हाताला आणि जिभेला काय जमतंय ते पाहायचं. आकडे पिर्के आवोत या रब्बींच्या वचनसंग्रहात येतात: पाचव्या वर्षी शास्त्र, दहाव्या वर्षी मिश्ना (तोंडी परंपरेचा नियमसंग्रह), तेराव्या वर्षी आज्ञांची जबाबदारी.

बेने इस्राएलांना हे वेगळं सांगायला नको. कोकणात पिढ्यानपिढ्या हिब्रू जवळजवळ विसरली गेली, तरी शेमा राहिला. सुंतेला तोच, लग्नाला तोच, शेवटच्या घटकेलाही तोच. म्हणून सुरुवात तिथूनच करा. रात्री झोपवताना मुलाचा उजवा हात त्याच्याच डोळ्यांवर ठेवा आणि 'शेमा इस्राएल' म्हणा. सकाळी डोळे उघडले की 'मोदे आनी' ही आभाराची ओळ, मुलगी असेल तर 'मोदा आनी'. पहिलं वर्षभर एवढं पुरतं.

2. दोन वर्षांच्या पोराला मेझूझा (दाराच्या चौकटीवरची धर्मवचनांची डबी) म्हणजे काय ते कळत नाही. मग हात लावायला लावून काय उपयोग?

कळण्याची वाट पाहत बसलात तर हात लावायची सवय कधीच लागणार नाही. सिनाय पर्वतापाशी लोक म्हणाले ते 'आम्ही करू आणि ऐकू' (निर्गम 24:7). यात करणं आधी आहे. लहान मुलाचं शिकणंही याच क्रमानं होतं.

मेझूझा चौकटीच्या वरच्या भागात असतो, मुलाचा हात पोचत नाही. कडेवर घ्या, त्याचा हात लावा, बोटं ओठांना टेकवा, घरात या. समजावून काही सांगू नका. चार वाक्यांचं प्रवचन झालं की मूल मेझूझ्याकडे बघायचं सोडून तुमच्या तोंडाकडे बघू लागतं. चौथ्या वर्षाच्या आसपास ते आपणहून विचारेल, 'आत काय आहे?' तेव्हा सांगा: आपण झोपताना म्हणतो तो शेमा आत लिहून ठेवलाय.

एक मात्र खरं. तुम्ही स्वतः मोबाइल बघत घरात शिरत असाल तर मूल मोबाइल बघतच शिरायला शिकेल. बाजारात मूल जे बोलतं ते बापाचं तरी असतं नाहीतर आईचं, असं तालमूदनं (सुक्का 56ब) कधीच लिहून ठेवलंय.

3. शुक्रवारी सहा वाजेपर्यंत आम्ही लोकलमध्ये असतो. लहान मूल असलेल्या घरानं शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतचा विश्रांतीचा दिवस) कसा करायचा?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. मेणबत्त्या सूर्यास्ताच्या आधी लावायच्या असतात, साधारण अठरा मिनिटं आधी. जूनमध्ये मुंबईत सूर्यास्त सव्वासातच्या पुढे जातो, त्यामुळे निभावतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि सगळी गडबड उडते. हिवाळ्याच्या त्या दोन-तीन महिन्यांत घरी जो मोठा माणूस असेल त्यानं दिवे लावावेत, मग ती आजी असो, आत्या असो किंवा लवकर घरी येऊ शकणारे वडील. सूर्यास्तानंतर लावलेला दिवा मात्र चालत नाही. 'मुलासाठी उशिरा लावला' असं म्हणून उपयोग नाही, कारण शब्बाथ सुरू झाल्यावर अग्नी पेटवणंच मना आहे. दिवे चुकले तर चुकले. किद्दूश (द्राक्षरसावर म्हणायचा आशीर्वाद) आणि जेवण उरतंच.

लहान मुलासाठी शब्बाथचा खरा आरंभ गुरुवारी रात्री होतो. काळ्या मनुका पाण्यात भिजत घालायचं काम त्याचं. दुसऱ्या दिवशी त्या कुस्करून गाळून किद्दूशचा शरबत होतो. द्राक्षाची दारू मिळेना तेव्हा कोकणातल्या आपल्या माणसांनी काढलेली ही वाट, आणि मुलांच्या दृष्टीनं बाटलीतल्या वाइनपेक्षा कितीतरी चांगली. तीन वर्षांचं मूल मनुका कुस्करू शकतं. निम्म्या खाईल, खाऊ द्या.

दिव्यांनंतर मुलांना आशीर्वाद द्यायचा असतो. डोक्यावर दोन्ही हात ठेवून मुलाला 'एफ्राईम आणि मनश्शेसारखा होवो' आणि मुलीला 'सारा, रिबका, राहेल आणि लेआसारखी होवो' असं म्हणतात. पुढे याजकांचा आशीर्वाद. मिनिटभराचं काम, पण आठवडाभर ज्या पोरावर ओरडलो त्याच्या डोक्यावर शांतपणे हात ठेवायची वेळ घड्याळानं नेमून दिलीय, ही फार शहाणी सोय आहे. मूल वळवळलं तर धरून ठेवू नका. पळता पळता दिलेला आशीर्वादही चालतो.

शनिवारी दुपारी मूल कंटाळतं ही तक्रार खरी आहे. त्या दिवसापुरती वेगळी खेळणी ठेवा, एरवी कपाटात बंद. पत्ते, ठोकळे, भातुकली असं काहीही. चित्र रंगवणं आणि कापाकापी मात्र शब्बाथच्या कामांत मोडते.

4. कोणता ब्राखा (खाण्याआधी म्हणायचा आशीर्वाद) आधी शिकवावा? सगळे लक्षात राहत नाहीत.

घरात जे रोज खाल्लं जातं त्याचा. आंबा, चिकू, पेरू, नारळ ही झाडाची फळं, त्यांवर 'बोरे प्री हाएत्झ'. केळं आणि अननस दिसतात फळं, पण त्यांवर 'हाअदामा', म्हणजे जमिनीतून उगवलेल्याचा ब्राखा, कारण केळीचं झाड धर्मनियमाच्या दृष्टीनं झाडच नाही. घड काढला की खोड मरतं. कोकणातल्या मुलाला हे पटकन पटतं, त्यानं परसात पाहिलेलं असतं.

गव्हाच्या पोळीवर 'हमोत्सी' म्हणतात. ज्वारीच्या किंवा तांदळाच्या भाकरीवर हमोत्सी नाही, तो गहू-सातूसारख्या पाच धान्यांपुरताच आहे. हा फरक पाच वर्षांच्या मुलाला भारी आवडतो आणि ते आजोबांची चूक काढायला टपून बसतं. बसू द्या. सुरुवातीला मुलानं नुसतं मोठ्यानं 'आमेन' म्हटलं तरी पुरे.

5. डब्यातली देवाणघेवाण कशी थांबवू? कोशेर (धर्मनियमानं खायला चालणारं) म्हणजे काय ते चार वर्षांच्या मुलीला कसं सांगू?

'हे घाणेरडं आहे' असं कधीही म्हणू नका. मैत्रिणीच्या डब्यातलं घाणेरडं आणि आपलं चांगलं, हे एकदा डोक्यात बसलं की पुढे काढता येत नाही. 'हे आपलं नाही' एवढं पुरतं. शाकाहारी डब्यांच्या वर्गात तसंही फार अडत नाही. जेलीच्या गोळ्या आणि केकवर लक्ष ठेवा, त्यांत जिलेटिन असू शकतं.

शिकवायला उत्तम जागा मासळीबाजार. पर आणि खवले दोन्ही असतील तो मासा आपला. सुरमई, रावस, पापलेट, बांगडा घरी येतात. कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, माकूल, मुशी नाही. मुलीला खवले शोधायला लावा. आपल्या परंपरेत दावीद रहाबीची गोष्ट आहेच. कोचीनकडून आलेल्या या माणसानं कोकणातल्या बायकांपुढे मिसळून मासळी ठेवली, त्यांनी बिनपराची, बिनखवल्यांची बाजूला काढली आणि त्यानं ओळखलं की ही माणसं आपलीच. इतिहास म्हणून या गोष्टीवर वाद आहेत, पण चार वर्षांच्या मुलीला ती सांगायला काहीच हरकत नाही.

मांस आणि दूध आपण एकत्र खात नाही, म्हणून मटणानंतर दूध किती वेळानं, हा पुढचा प्रश्न ठरलेला. अगदी लहान मुलाला मोठ्यांइतके तास थांबायला लावत नाहीत. समज येईल तसं हळूहळू वाढवायचं. आपल्या रश्शात नारळाचं दूध पडतं, त्यामुळे घरच्या जेवणात हा पेच फारसा येतच नाही.

6. तोरातल्या गोष्टी किती भीतिदायक आहेत! सगळ्या सांगायच्या का?

नाही. पाच वर्षांच्या आत अब्राहामानं इसहाकाला वेदीवर नेल्याची गोष्ट सांगू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्या वयात मुलाला देवाची परीक्षा दिसत नाही, सुरी घेतलेला बाप दिसतो. रोश हशानाला (नववर्षाला) सिनेगॉगमध्ये तिचं वाचन होईल तेव्हा होईल. नोहाची गोष्ट सांगा, पण जहाजातल्या प्राण्यांवर आणि इंद्रधनुष्यावर रेंगाळा. अब्राहामाच्या तंबूत अनोळखी पाहुणे आले आणि म्हातारा भर उन्हात धावत सुटला, ही गोष्ट दोन वर्षांपासून चालते. विहिरीवर उंटांना पाणी पाजणारी रिबका चालते. योसेफाची पाचव्या वर्षानंतर, आणि मग वर्षानुवर्षं.

आपल्याकडे गोष्ट सांगायची एक देखणी रीत होती आणि ती आपण जवळजवळ टाकून दिली. साधारण 1880 पासून बेने इस्राएलांनी मराठी कीर्तनं रचून गायली. अब्राहाम, योसेफ यांची आख्यानं थेट साकी-दिंडीत आणि ओव्यांत. घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला दोन कडवी येत असतील तर आज संध्याकाळीच मुलांना समोर बसवा. परदेशी कार्टूनमधला मोशे त्यानंतर बघता येईल.

7. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, वर हिब्रू. मुलाचा गोंधळ होणार नाही का?

दोन-तीन भाषांत वाढणारं मूल सुरुवातीला शब्दांची सरमिसळ करतं. तो आजार नव्हे. मूल दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा हाकेला वळून बघत नसेल, तर मात्र भाषांना दोष न देता बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या.

हिब्रूला या वयात गाणी आणि ब्राखे एवढीच जागा द्या. अक्षरं पाचव्या वर्षानंतर. देवनागरीत लिहिलेल्या तेफिला (प्रार्थना) घरात असतातच, पण वाचायला शिकणाऱ्या मुलानं हिब्रू अक्षरं हिब्रूतूनच शिकावीत, नाहीतर ते कायम देवनागरीच्या काठीवर चालतं. आणि मराठी सोडू नका. हा हट्ट आहे, मान्य. पण आजीशी बोलायची भाषा गेली तर प्रश्न 6 मधलं कीर्तन, प्रश्न 11 मधला हग्गादा (पेसाहच्या रात्री वाचायचं पुस्तक) आणि सगळ्या पाककृती एकदमच जातात.

8. जुन्या शिकवणीत छडी आहे. मग एखादा फटका द्यायला हरकत काय?

नीतिसूत्रांत छडीचा उल्लेख आहे खरा. पण परंपरा त्यावर थांबली नाही. तालमूदमध्ये (बावा बात्रा 21अ) राव हा गुरू एका शिक्षकाला सांगतो की मारायचंच झालं तर वहाणेच्या बंदानं मार. म्हणजे लागणारच नाही असं. आणि पुढे म्हणतो की जो शिकतो तो शिकेल, न शिकणाऱ्याला इतरांच्या सोबतीला बसू दे. आमच्या वर्गात हात उचलायला पूर्ण बंदी आहे, आणि भारतात शाळेत शारीरिक शिक्षा देणं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानंच मना आहे. घरीही तेच ठेवा.

त्याच पानावर आणखी काही आहे. गावोगावी सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी शिक्षक नेमण्याची रीत येहोशुआ बेन गामला या प्रमुख याजकानं घातली. एका शिक्षकामागे पंचवीस मुलं, चाळीस झाली तर मदतनीस, पन्नास झाली तर दोन शिक्षक. मुंबईतल्या साठ मुलांच्या वर्गात उभ्या असलेल्या बाईंनी हे वाचून उसासा टाकावा. सहा वर्षांच्या आत मुलाला शाळेत घेऊ नकोस, असंही राव सांगतो. 2020 च्या आपल्या शैक्षणिक धोरणातही पहिलीचं वय सहाच आहे. अडीच वर्षांच्या मुलाच्या प्रवेशपरीक्षेसाठी शिकवणी लावणाऱ्यांना हे कोण सांगणार!

9. मुलगा खोटं बोलायला लागलाय. काय करू?

आधी घरातली आश्वासनं मोजा. मुलाला काही देतो म्हणावं आणि देऊ नये असं करू नका, त्यानं ते खोटं बोलायला शिकतं, हा तालमूदचाच (सुक्का 46ब) इशारा आहे. 'रड थांबव, उद्या राणीच्या बागेत नेतो' हे वाक्य ज्या घरात रोज म्हटलं जातं तिथला मुलगा दुसरं काय शिकणार? तीन-चार वर्षांच्या मुलाच्या कल्पना आणि खोटं यांतही फरक करा. 'माझ्या पलंगाखाली वाघ आहे' हे खोटं नव्हे.

10. दोन भावंडांत सारखी भांडणं होतात. धाकट्याला झुकतं माप द्यावंच लागतं ना?

गरजेपुरतं द्या, कौतुकात देऊ नका. याकोबानं योसेफाला दोन सेला वजनाच्या लोकरीइतकं जास्त दिलं, त्यातून भावांचा मत्सर पेटला आणि शेवटी आपले पूर्वज मिसरात पोचले, असं तालमूद (शब्बाथ 10ब) म्हणतं. एका अंगरख्यापायी एवढं रामायण.

11. पेसाहचा (मिसरातून सुटकेच्या सणाचा) सेदेर, म्हणजे विधीचं जेवण, रात्री उशिरापर्यंत चालतो. मुलं झोपतात. त्यांना जागं ठेवायलाच हवं का?

हो, निदान चार प्रश्नांपर्यंत, कारण सेदेर मुलांसाठीच रचलाय. सगळ्यात लहान मुलानं 'मा निश्तना' विचारायचं आणि मोठ्यांनी उत्तर द्यायचं. मूल झोपलं तर उत्तर द्यायचं कुणाला? रब्बी अकिवा पेसाहच्या संध्याकाळी मुलांना भाजलेलं धान्य आणि अक्रोड वाटायचे, का तर ती झोपू नयेत आणि प्रश्न विचारावेत (पेसाहिम 109अ). आमच्याकडच्या युक्त्या तशाच: दुपारी सक्तीची झोप, अफिकोमान (बेखमीर भाकरीचा राखून ठेवलेला तुकडा) लपवणं आणि बेडकांच्या पीडेला टेबलावर रबरी बेडूक. दोन वर्षांचं मूल आठला झोपलं तर झोपू द्या. पाच वर्षांच्यासाठी मात्र धडपडा.

हग्गादा मराठीतून वाचा. हिब्रू-मराठी हग्गादा मुंबईत 1846 मध्ये छापला गेला. 1874 चा पुण्याचा हग्गादा तर सचित्र आहे, आणि त्यात साड्या नेसलेल्या बायका मात्झोथ (बेखमीर भाकऱ्या) करताना दिसतात. ते चित्र मुलाला दाखवा. मिसरातून सुटलेली माणसं आपल्या पणजीसारखी दिसत होती असं त्याला वाटलं तर उत्तमच, कारण प्रत्येकानं आपणच मिसरातून सुटलो असं मानावं, हेच हग्गादा सांगतो.

12. किप्पूरला (प्रायश्चित्ताच्या दिवशी) सात वर्षांची मुलगी उपास धरायचा हट्ट करते. धरू द्यावा?

पूर्ण उपास नाही. मिश्नानुसार (योमा 8:4) लहान मुलांना उपास घडवत नाहीत. जबाबदारीच्या वयाआधी एक-दोन वर्षं सवय लावतात. नऊ वर्षांच्या आत तर नाहीच. मुलीला मान हवा असतो, तो दुसऱ्या वाटेनं द्या. त्या दिवशी गोड खायचं नाही, किंवा न्याहारी तासभर उशिरा. चपला चामड्याच्या घालायच्या नाहीत, हे तर सगळ्यांनाच जमतं.

तिशा बेआवला (देवालय पाडल्याच्या शोकाच्या उपासाला) हेच लागू. त्याला आपल्या घरांत बिरड्याचा रोजा म्हणतात, आणि वाल भिजत घालून मोड आणून सोलायचं काम मुलांचंच. देवालय पाडलं गेल्याचं दुःख त्यांना समजणार नाही, वाल सोलणं समजेल. कारण एका वाक्यात सांगा: आपलं मोठं सिनेगॉग येरुशलाईममध्ये होतं, ते मोडलं.

13. दान शिकवायचं कसं? आमचा मुलगा डबीतले पैसे परत काढतो.

सगळीच काढतात. शुक्रवारी दिव्यांच्या आधी त्याच्या हातानं नाणं टाकायला द्या आणि वर्षातून एकदा तरी त्याच्यासमोर डबी उघडून त्या पैशांचं काय होतं ते दाखवा. नाणी डबीत पडून कुठेतरी गडप होतात, यातून मूल काहीच शिकत नाही. पुरीमच्या सणाला हे सोपं होतं. कुणा मित्राकडे खाऊ, कुणा गरजू माणसाला पैसे, दोन्ही मुलानं स्वतः नेऊन द्यायचे.

पाळलेला प्राणी असेल तर त्याला खायला घातल्याशिवाय आपण जेवायचं नाही, हाही नियमच आहे (ब्राखोथ 40अ). मांजराची वाटी मुलाकडे सोपवा. दानाच्या डबीपेक्षा हे लवकर रुजतं.

14. मलिदा लहान मुलांना समजतो का? ते फक्त खायला बसतात.

खायला बसतात हेच तर हवंय. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि फळं, सोबत एलियाहू हन्नाबीची (संदेष्टा एलियाची) गाणी. नवस फिटला, नोकरी लागली, घर घेतलं, लग्न ठरलं की आपण मलिदा करतो. मुलाला एवढंच सांगा की आज आपण कशासाठी 'थँक्यू' म्हणतोय. मुलाच्याही आयुष्यातल्या एखाद्या गोष्टीसाठी करा. ताप उतरला, पाय मोडला होता तो बरा झाला, काहीही. अलिबागजवळच्या खंडाळ्याला जमलं तर न्या. एलियाहूच्या रथाच्या चाकांची खूण म्हणून दाखवतात तो खडक एकदा पाहिला की मूल वर्षभर त्यावरच प्रश्न विचारतं.

15. सोसायटीत गणपती असतो. आरतीला जाऊ द्यावं का? प्रसाद?

उत्तर प्रत्येक घरात थोडं वेगळं येईल, पण आमचं हे: शेजारी जा, हसून बोला, मोदक कसे करतात ते बघा, सजावटीला मदत हवी तर मांडव सारवायला, पताका लावायला जा. पूजेत भाग घेऊ नका आणि मूर्तीपुढे ठेवलेला प्रसाद खाऊ नका. इतर देवाची पूजा हा आपल्याकडे सर्वांत कडक मनाईचा विषय आहे, त्याला पळवाट नाही. मुलाला वाक्य पाठ करून द्या: 'काकू, आमच्यात हे चालत नाही, पण तुमचा गणपती छान आहे.' मराठी शेजाऱ्याला उपास, सोवळं, पथ्य, नवस यांची सवय असते. 'चालत नाही' हे त्याला लगेच कळतं. त्याच काकूंना सुक्कोथच्या मांडवात बोलवा. जाणं-येणं एकतर्फी राहिलं की मुलाला ते जाणवतं.

16. वर्गात आमचा एकच ज्यू मुलगा. बाई विचारतात, 'तुमची जात कोणती?' काय सांगायचं? (बाईंसाठीही)

पालकांनी सांगावं: धर्म ज्यू, समाज बेने इस्राएल, भाषा मराठी. महाराष्ट्र सरकारनं 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिलाय, शाळेच्या फॉर्ममध्ये तसं लिहिता येतं. मुलासाठी छोटं उत्तर: 'आम्ही नवगावला बोटीतून आलो.' जहाज फुटून सात जोडपी किनाऱ्याला लागल्याची आपली कथा, पुढे तेलाचा घाणा, शनिवारी घाणा बंद म्हणून 'शनिवार तेली'. पाच वर्षांचं मूल हे वर्गात रंगवून सांगू शकतं आणि भाव खाऊन जातं.

बाईंना विनंती: शनिवारच्या स्नेहसंमेलनाला मूल आलं नाही तर रुसू नका, आणि 'तुमचा ख्रिसमस कसा असतो?' असं विचारू नका. हनुक्का वेगळा सण आहे.

17. मुलींना मुलांइतकंच शिकवायचं का?

या वयात अक्षरशः तेवढंच. जिथे फरक आहे तो बाराव्या-तेराव्या वर्षांनंतरचा, आणि तिथेही समाज-समाजात रीती वेगळ्या आहेत.

18. सिनेगॉगबाहेर पोलीस का असतात, असं मुलीनं विचारलं. होलोकॉस्टबद्दल कधी सांगायचं?

दोन वेगळे प्रश्न आहेत. पोलिसांचं उत्तर: 'आपली काळजी घ्यायला.' नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईतल्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, त्यानंतर बंदोबस्त वाढला, हे सात वर्षांच्या आत सांगण्याची गरज नाही. जाता-येता पोलिसदादांना 'शब्बाथ शालोम' म्हणायला आणि चहा न्यायला शिकवा. भीती निम्मी होते.

होलोकॉस्टची चित्रं, आकडे, छावण्या या वयात नकोत. मोठ्या भावंडाच्या तोंडून कानावर पडलंच तर 'खूप पूर्वी युरोपात आपल्या लोकांशी काही माणसं फार वाईट वागली, आणि काही चांगल्या माणसांनी त्यांना लपवलं' एवढंच. आपल्या मुलांना एक गोष्ट मात्र आवर्जून सांगता येते: कोकणात आपल्या लोकांना ज्यू म्हणून कुणी छळलं नाही.

19. आई ज्यू नाही. मुलावर ज्यू संस्कार करता येतील का?

संस्कार करायला कुणाचीही परवानगी लागत नाही. दर्जाचा प्रश्न वेगळा. ऑर्थोडॉक्स नियमानं ज्यूपण आईकडून येतं, म्हणून अशा मुलाला धर्मांतराचा विधी लागतो, आणि तो लहानपणी तुलनेनं सोपा असतो. अमेरिकेतल्या रिफॉर्म पंथानं 1983 पासून वडिलांकडूनही मान्य केलं, पण भारतातल्या आपल्या बहुतेक सिनेगॉगांत ते चालत नाही. ज्यूंना नागरिकत्व देणारा इस्राएलचा परतीचा कायदा तर नातवंडांपर्यंत जातो, पण नागरिकत्व मिळालं म्हणून तिथली रब्बिनेट (धर्मगुरूंचं मंडळ) लग्न लावेलच असं नाही. हा गुंता मुलाच्या डोक्यावर टाकू नका. तुम्ही दोघांनी त्याच्या पहिल्या वाढदिवसाआधी रब्बींकडे बसून ठरवा.

20. पुढच्या वर्षी इस्राएलला चाललोय. मुलगा चार वर्षांचा. काय तयारी करू?

तिथे तिसऱ्या वर्षापासून बालवाडी सक्तीची आहे. तिला गान म्हणतात, बाईंना गानेनेत. दर शुक्रवारी गानात शब्बाथचं स्वागत होतं आणि पाळीपाळीनं एक मुलगा 'शब्बाथचा बाबा', एक मुलगी 'शब्बाथची आई' होते. प्रश्न 3 मधलं घरी होत असेल तर तुमचं मूल तिथे पहिल्याच शुक्रवारी रुळेल. बाई वेळेला 'शूश' म्हणून ओरडतात, मुलं बाईंना नावानं हाक मारतात. मुंबईच्या शिस्तीतून गेलेले आईबाप मुलापेक्षा जास्त दचकतात.

डिमोना, अश्दोद, लोद, रामला या गावांत मराठी घरं आहेत, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघतं. मुलाला एखादी मराठी आजी शोधून द्या.

21. शब्बाथला बाळाला ताप आला. दिवा लावू का? डॉक्टरांना फोन?

जिवाला धोका असल्याची शंका जरी असली तरी सगळं करा: फोन, टॅक्सी, दिवा. थांबून विचारत बसणं हेच चूक. धोका नसेल तरी लहान मुलाच्या गरजा धर्मनियमात आजारी माणसाच्या गरजांसारख्या धरल्या जातात, त्यामुळे मोठ्यांना नसलेल्या बऱ्याच सवलती मिळतात. कोणत्या, ते बाळ ठणठणीत असताना रब्बींना विचारून ठेवा.

22. आमच्या गावच्या सिनेगॉगमध्ये नऊच पुरुष जमतात. सामूहिक प्रार्थनेला दहा मोठे पुरुष लागतात, मग सहा-सात वर्षांच्या मुलाला दहावा धरता येतं का? आणि तो आत धुडगूस घालतो त्याचं काय?

शुल्हान आरुख या धर्मनियमांच्या संहितेत (ओराह हायीम 55:4) हे मत नोंदलेलं आहे की नऊ मोठे आणि सहा वर्षांवरचा, आपण कुणाची प्रार्थना करतो हे कळणारा एक मुलगा चालतो. पण तिथेच पुढे म्हटलंय की मोठ्या आचार्यांनी ते मान्य केलं नाही. त्यावर टिपा लिहिणाऱ्या रेमा या आचार्यानं मात्र अडीअडचणीत सवलत घेणाऱ्यांची रीत नोंदवलीय. म्हणून स्वतः ठरवू नका, विचारा, आणि तोवर शेजारच्या गावाला फोन करा. पेण, पनवेल, रेवदंडा, अलिबाग यांनी एकमेकांकडे माणसं पाठवून आजवर निभावलंय.

धुडगुसाबद्दल: सगळी तेफिला बसवून ठेवू नका. सेफेर तोरा (तोराची हस्तलिखित गुंडाळी) बाहेर काढताना आत आणा, हात टेकवून चुंबन घेऊ द्या, वाचन सुरू झालं की बाहेर न्या, शेवटच्या गाण्यांना परत आणा. जिथे नऊच माणसं उरलीत तिथे मूल ओरडलं म्हणून त्याच्यावर डोळे वटारणाऱ्या काकांना बाजूला घेऊन कुणीतरी हे समजावून सांगावं. ते काम हज्जानसाहेबांवर (प्रार्थना चालवणाऱ्यांवर) ढकलू नका, त्यांना वाचायचं असतं.